डॉक्टर, याला फुटबॉल खेळू द्यायचे का?

शाळा सुरू झाल्या की आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांकडे सर्टिफिकेटांचा हंगाम सुरू होतो. 'हा विद्यार्थी खेळण्यास शारीरिकदृष्ट्या योग्य आहे' असे लिहून मागणारे पालक येतात. त्यांच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात, 'यास खेळाच्या तासातून सूट मिळावी' असे लिहून मागणारेही येतात. पहिल्या सर्टिफिकेटासाठी डॉक्टर निदान छातीला नळी लावतात. दुसऱ्यासाठी बहुधा तेवढेही करावे लागत नाही. आई सांगते, "याला लहानपणापासून दमा आहे" किंवा "हिला दोन वर्षांपूर्वी फीट आली होती", आणि चिठ्ठी लिहून मिळते. ते मूल मग दहावीपर्यंत मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे सांभाळत बसते.

वाचकहो, आजचा लेख या दप्तरे सांभाळणाऱ्या मुलांविषयी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम हवा, असे म्हटले आहे. त्याच तत्त्वांत अपंग मुलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे खेळ हे निरोगी मुलांना मिळणारे बक्षीस नव्हे. ज्याच्या प्रकृतीत काही उणे आहे त्याला हाडे, स्नायू, फुप्फुसे आणि मन मजबूत करण्याची गरज उलट जास्तच असते. हे सगळे पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्ष मैदानावर काय करायचे हा खरा प्रश्न.

उत्तर नागपुरात माझा दवाखाना आहे. तिथून चालत दहा मिनिटांवर एक मैदान आहे आणि त्या मैदानावर मुलामुलींचा एक फुटबॉल क्लब चालतो. क्लबचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे तिथल्या मुलांच्या प्रकृतीविषयी लिहायचे आहे. ज्यांना नागपूर ठाऊक आहे त्यांना या भागातली वस्ती सांगायला नको. इंदोऱ्यात बौद्ध बांधव, जरीपटक्यात फाळणीनंतर येऊन वसलेले सिंधी, मोमिनपुऱ्यात मुस्लिम, मेकोसाबागेत ख्रिस्ती, रेल्वेच्या नोकरीने आलेले तेलुगू, बांधकामावर आलेले छत्तीसगढी. या सगळ्या घरांतली पोरे त्या एका मैदानावर येतात. घरी कोणी काहीही बोलो, मैदानाची भाषा एकच, "पास दे बे!"

नागपूर जिल्ह्याला फुटबॉल नवा नाही. कामठी ही ब्रिटिशांची जुनी छावणी. तिथे हा खेळ रुजला आणि कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव जिल्ह्यातल्या फुटबॉलप्रेमींना सांगावे लागत नाही. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर' या संस्थेला २०१६ साली फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला आणि नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' चित्रपट बारसे सरांच्याच कामावरून निघाला. तेव्हा गरीब पोरांना चेंडू दिला तर काय होते, हे नागपूरला नव्याने शिकवायची गरज नाही. पण गरिबी ही एकच अडचण नसते. एकाच वस्तीत, एकाच घरात, एक भाऊ खेळतो आणि दुसऱ्याला 'तू बस' म्हणून सांगितले जाते.

आमच्या मैदानावरचे सर रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांचा एकच हट्ट, आलेल्या मुलाला परत पाठवायचे नाही. चार वर्षांपूर्वी ते हजेरीचे रजिस्टर घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साठ पोट्टे आहेत. यांतले कोण खेळू शकते अन् कोण नाही, एवढी खूण करून द्या." मी म्हटले, खूण करायला आधी पोरे बघावी लागतील. एका रविवारी जवळच्या समाजभवनात आम्ही सगळ्यांना तपासले. वजन, उंची, नाडी, छाती, पोट, डोळ्यांखालची लाली, पावले आणि आईशी किंवा आजीशी पाच मिनिटे बोलणे. एवढ्यात बरेच कळते.

काय सापडले? सात मुलांना कमीअधिक दमा. दोघे फीटच्या गोळ्या घेणारे. एक मुलगा जन्मापासून ऐकू न येणारा. एका मुलाचे पाऊल जन्मतः वाकडे, लहानपणी प्लास्टर लावून बरेचसे सरळ केलेले. डाऊन सिंड्रोम असलेली अकरा वर्षांची एक मुलगी, जी भावाबरोबर येत असे आणि नुसती बसत असे. मुलींपैकी निम्म्याहून अधिक फिकट. आणि चार-पाच घरांत, तपासणी संपल्यावर आईने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलेली एक गोष्ट. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या विदर्भात ती घरोघरी आहे आणि तिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही.

'सरांले नका सांगू'

ही गोष्ट म्हणजे सिकलसेल. आपल्या लाल रक्तपेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्यांतले हिमोग्लोबिन सदोष असते, आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, छाती, पोट यांत भयंकर दुखते. आई आणि वडील दोघांकडून हा दोष आला तर मूल आजारी, म्हणजे आपल्याकडे लोक म्हणतात तो 'एसएस पॅटर्न'. एकाकडूनच आला तर मूल वाहक, 'एएस पॅटर्न'. वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते. देशातून हा आजार २०४७ पर्यंत हटवण्याचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे तपासणी त्याच्याही आधीपासून होत आली आहे. म्हणून पुष्कळ घरांत पॅटर्नचे कार्ड असते. ते कपाटात, साड्यांच्या घडीखाली असते.

बारा वर्षांच्या एका मुलाची आई मला म्हणाली, "याले एसएस आहे, डॉक्टरसाहेब. पण सरांले नका सांगू. मोठीचं लग्न जुळून राह्यलं आहे." मुलगा खिडकीतून मैदानाकडे बघत होता. तो गेली दोन वर्षे चेंडू गटारातून काढून आणण्याचे काम करत असे. खेळ त्याला कोणी मना केला नव्हता, पण घेतही कोणी नव्हते.

आता डॉक्टराने काय करावे? रुग्णाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायची नाही, हा आमचा पहिला धर्म. पण सरांना काहीच ठाऊक नसले आणि उन्हात त्यांनी पोराला दहा फेऱ्या मारायला लावल्या, तर जिवावर बेतू शकते. सरांच्या रजिस्टरात लाल पेनाने फुली मारली तर पोराची सुरक्षा होईल, पण खेळ संपेल, आणि महिन्याभरात वस्तीत सगळ्यांना कळेल ते वेगळेच.

या पेचातून सुटण्याचा मार्ग मला एका अभ्यासात दिसला. २०१६ साली अमेरिकन सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासून सिकलसेलच्या वाहकांना श्रमाने काय धोका होतो हे पाहिले गेले. वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या सैन्यात ऊन, पाणी आणि विश्रांती यांविषयीचे नियम सरसकट सर्वच सैनिकांना लागू होते. वाहक कोण हे शोधून त्याला वेगळे बसवलेले नव्हते.

तेव्हा सरांना मी रजिस्टर कोरेच परत दिले. त्याऐवजी आम्ही बसून साठही मुलांसाठी एकच नियमावली ठरवली. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी होईल आणि सर्वांनी पाणी प्यायचे, तहान असो वा नसो. सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर आलेल्या मुलाने पहिल्या दिवशी पूर्ण जोर लावायचा नाही. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचे. शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणे बंद. (हे सरांना सर्वांत जड गेले. त्यांच्या पिढीत फेऱ्या मारल्याशिवाय शिस्त येत नाही असा समज आहे, आणि माझ्याही पिढीत होता.) कोणालाही केव्हाही खाली बसण्याची मुभा आणि 'का बसलास' हे कोणी विचारायचे नाही. पावसात भिजल्यावर खेळ संपताच कोरडा सदरा घालायचा. ताप असेल त्या दिवशी मैदानावर यायचेच नाही.

या नियमांत सिकलसेल हा शब्द कुठेही नाही. पण सिकलसेलच्या मुलाला जे जे हवे ते सगळे त्यांत आहे. पाणी कमी पडणे, ऊन, थंडी, ओले कपडे, ताप आणि एकदम केलेले अतिश्रम या गोष्टींनीच पेशी वाकतात. आणि तेच नियम दम्याच्या मुलाला, रोजा असलेल्या मुलीला, पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात कळा येणाऱ्या मुलीला आणि सकाळी न खाता आलेल्या मुलालाही उपयोगी पडतात. कोण कशासाठी बसले आहे हे कोणाला कळतही नाही.

त्या मुलाची मी स्वतंत्र तपासणी केली. सिकलसेलमध्ये पानथरी वाढते. आपल्या भागातल्या रुग्णांत ती मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. वाढलेल्या पानथरीवर गुडघा किंवा कोपर बसले तर ती फुटून पोटात रक्तस्राव होतो. अशा मुलाला धक्काबुक्कीचा खेळ नको, हे मी स्पष्ट सांगतो. या मुलाची पानथरी हाताला लागत नव्हती, सोनोग्राफीतही वाढलेली नव्हती. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तो नियमित घेत होता. मी आईला म्हटले, खेळू द्या. पाच मिनिटे आत, पाच मिनिटे बाहेर.

तो खेळू लागला. पहिल्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या सरावानंतर रात्री त्याच्या मांड्या आणि पाठ दुखू लागली आणि त्याला चार दिवस सरकारी रुग्णालयात सलाइन आणि वेदनाशामक औषधांवर ठेवावे लागले. सुटी मिळाल्यावर आई माझ्यासमोर बसली. रागावली नव्हती. फक्त म्हणाली, "आता तुमीच सांगा." मी तिला खरे तेच सांगितले. थंडीने त्रास झाला असावा; खेळला नसता तरी तो झाला असता की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याला याआधी, घरी बसून असतानाही, वर्षाकाठी एक-दोनदा असा झटका येतच होता. हे ऐकून तिने मुलाकडे बघितले. त्याला विचारायची गरजच नव्हती. हिवाळ्यातला सराव त्या वर्षापासून साठही मुलांसाठी ऊन पडल्यावर, आठ वाजता सुरू होतो. आईने सरांना कार्ड स्वतःच नेऊन दाखवले, पण मोठीच्या लग्नानंतर.

पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी एक खूण ध्यानात ठेवावी. साध्या पेटक्यात स्नायूचा गोळा येतो, तो हाताला टणक लागतो आणि मूल ओरडते. सिकलसेलच्या अतिश्रमात मूल हळूहळू ढेपाळते, पायांत जोरच नाही म्हणते, स्नायू हाताला मऊच लागतात. अशा मुलाला 'नाटक करू नको, ऊठ' असे म्हणू नये. सावलीत निजवावे, पाणी पाजावे आणि पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करावा. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा १०१ च्या वर ताप असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांचे काय?

दमा असलेल्या मुलांविषयी थोडक्यात. फुटबॉलमध्ये धावणे आणि थांबणे आलटून पालटून असते, त्यामुळे सलग लांब धावण्यापेक्षा तो दम्याला सोसतो. इंग्लंडचा नामांकित मिडफिल्डर पॉल स्कोल्स दम्याचाच रुग्ण. अट एकच, रोजचा पंप रोज घ्यायचा आणि गरजेचा पंप खिशात हवा, घरच्या फ्रिजवर नव्हे. खेळताना दर वेळी पंप लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, औषध बदलायला हवे असा त्याचा अर्थ. खेळ बंद करायला हवा असा नव्हे. पंपाची सवय लागते हा गैरसमज तर आता सोडूनच द्यावा.

फीटच्या मुलांना तर उगीचच शिक्षा होते. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनी खेळांची जी विभागणी केली आहे, तीत फुटबॉल, क्रिकेट, हॉकी हे सर्वांत कमी धोक्याच्या गटात मोडतात. पोहणे, उंचावर चढणे यांत काळजी हवी, कारण तिथे भान गेले तर जीव जातो. फुटबॉलमध्ये गवतावर पडेल. सरांना एवढे शिकवून ठेवावे की झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर रुग्णवाहिका बोलवायची.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी सरांनी शिट्टीबरोबर लाल रुमाल उंच करायला सुरुवात केली. आता सगळीच पोरे रुमालाकडे बघतात, कारण रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये शिट्टी तशीही नीट ऐकू येत नसे!

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या बाबतीत मी जरा सावध होतो. या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. मान दुखणे, चाल बदलणे, हातापायांतला जोर कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे यांतले काही असेल तर खेळ थांबवून तज्ज्ञाला दाखवावे. तिला यांतले काही नव्हते; हृदयाची तपासणीही पूर्वीच झाली होती. डोक्याने चेंडू मारणे तेवढे वर्ज्य केले, आणि तेही बारा वर्षांखालील सर्वांसाठीच. यात काही जगावेगळे नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ पासून दहा वर्षांखालील मुलांना हेडिंग बंद केले, आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात ते शिकवत नाहीत. ती मुलगी आता थ्रो-इन घेते. दोन्ही बाजूंचे थ्रो-इन तीच घेते. नियमात बसत नाही, पण तक्रार कोणी केलेली नाही.

वाकड्या पावलाच्या मुलाचा बाप मला विचारत होता, "असा पाय घेऊन हा काय खेळणार?" मी त्याला गारिंशाची गोष्ट सांगितली. ब्राझीलच्या या खेळाडूचे दोन्ही पाय जन्मतः वाकडे, एक आत वळलेला, एक बाहेर, आणि डावा उजव्याहून आखूड. तो १९५८ आणि १९६२ च्या विश्वविजेत्या संघांत होता. उरुग्वेच्या एक्तोर कास्त्रोचा एक हात लहानपणी करवतीत कोपराखाली तुटला होता. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचा गोल त्याचा. आता प्रत्येक वाकड्या पावलाचा गारिंशा होत नाही, हे मीही जाणतो. मुद्दा एवढाच, की पाय बघून आधीच निकाल देऊ नये. सपाट तळव्यांच्या मुलांना तर, दुखत नसेल तर, काहीच करावे लागत नाही.

मुली

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ५ डिसेंबर १९२१ रोजी स्त्रियांना आपल्या मैदानांवर खेळण्यास बंदी केली. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही असे कारण दिले गेले आणि त्याला काही डॉक्टरांच्या मताचाही आधार होता. ती बंदी उठायला सुमारे पन्नास वर्षे लागली. गर्भाशय सरकते, मूल होत नाही असल्या ज्या गोष्टी आजही आपल्याकडे आज्या सांगतात, त्यांना वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नाही, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

मुलींना खरा अडथळा आहे तो रक्ताच्या कमतरतेचा. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना पंडुरोग आढळला. मुलगी मैदानावर लवकर दमते, सगळे म्हणतात 'नाजूक आहे', आणि तिचे हिमोग्लोबिन असते आठ! शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी दर आठवड्याला खावी, सहा महिन्यांनी जंताची गोळी घ्यावी, जेवणात हिरव्या भाज्या, डाळी, फुटाणे आणि चालत असेल तर अंडी-मटण असावे आणि जेवणाबरोबर चहा पिऊ नये. सिकलसेलच्या मुलीला मात्र रक्त तपासल्याशिवाय आपल्या मनाने लोह देऊ नये. आमच्या मैदानावर आठवरून साडेदहावर गेलेली एक मुलगी आहे. तिला रोखणे आता मुलांना जड जाते.

ओढणी बांधून खेळायचे का, हा प्रश्न मोमिनपुऱ्यातल्या दोन बहिणींनी सरांना विचारला होता. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने २०१४ सालीच डोक्यावरच्या आच्छादनाला आणि शिखांच्या पगडीला परवानगी दिली आहे. ते कापड घट्ट बसणारे असावे, त्याला टाचण्या नसाव्यात आणि घामाने ओले झाले की बदलावे, एवढीच डॉक्टराची सूचना. उपासाचेही तसेच. रमजान असो, नवरात्र असो की श्रावणी सोमवार, पाणी न पिता उपास करणाऱ्या मुलाने त्या दिवशी जोराचा सराव करू नये. पासिंग, पेनल्टीचा सराव संध्याकाळी उपास सोडण्याच्या थोडे आधी करावा, म्हणजे लगेच पाणी मिळते.

नाही केव्हा म्हणावे?

सगळ्यांना घ्यावे याचा अर्थ डोळे मिटून घ्यावे असा नाही. धावताना, म्हणजे धावून झाल्यावर नव्हे, चक्कर येऊन पडलेले मूल. श्रमाने छातीत दुखणारे मूल. बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच लवकर धाप लागणारे मूल. आणि ज्याच्या घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे असे मूल, या चौघांना हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मी सर्टिफिकेट देत नाही. घसा दुखून नंतर सांधे सुजलेल्या मुलाचीही तपासणी करून घ्यावी. झोपडपट्टीत संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा अजूनही बिघडतात. शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक ही प्राथमिक तपासणी मोफत करते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळले, उलटी झाली, 'स्कोर काय' हे सांगता येईना, तर त्या दिवशी खेळ संपला. अंतिम सामना असला तरी. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून लगेच उतरवायचे नाही. डॉक्टरांनी पाहून मगच.

आणि ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत सकाळी साडेसातच्या आत मैदान रिकामे झाले पाहिजे. उन्हाने मूल बरळू लागले, अंग तापून लाल झाले तर आधी थंड करावे, मग हलवावे. मैदानावरच कपडे सैल करून, मिळेल त्या थंड पाण्याने भिजवून, काखेत, मानेवर, जांघेत ओले फडके ठेवून वारा घालावा. रिक्षा शोधण्यात गेलेली पंधरा मिनिटे फार महाग पडतात.

मुरगळणे, लचकणे यांविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात, पण त्यावर उपायही सर्वांत सोपा आहे. फिफाने सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांच्या व्यायामांचा एक संच तयार केला आहे. एका पायावर तोल सांभाळणे, उड्या, नीट पडायला शिकणे. युरोपातल्या चार देशांत तो करून पाहिला, तेव्हा दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. त्याला पैसा लागत नाही.

बुटांना मात्र लागतो. आमच्या मैदानावरची निम्मी पोरे अनवाणी. मला इथे डॉक्टर तालिमेरेन आओ यांची आठवण होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे ते कप्तान, आणि त्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सकडून एका गोलाने हरले. पुढे हे कप्तान एमबीबीएस होऊन नागालँडमध्ये रुग्णसेवेत गेले. त्यांचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो, पण त्यांचे मैदान काचा आणि खिळ्यांनी भरलेले नव्हते. तेव्हा खेळण्याआधी सर्वांनी रांगेत चालून मैदान वेचायचे, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीचे धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवायचे नाही. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते.

सरांच्या पिशवीत काय असावे, असे इतर दोन क्लबांनी विचारले आहे. स्वच्छ पाण्याचे दोन कॅन, ओआरएसची दहा पाकिटे (नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ), गूळ-शेंगदाणे, बँडेज, साबण, कात्री, सॅनिटरी पॅड, चार जुने कोरडे सदरे आणि घरच्यांचे फोन नंबर लिहिलेली वही. छाती दाबून हृदय सुरू करण्याचे शिक्षण मात्र पिशवीत मावत नाही, ते सरांनी आणि मोठ्या मुलांनी घ्यायला हवे. जून २०२१ मध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन भर सामन्यात कोसळला तेव्हा याच शिक्षणाने तो वाचला आणि पुन्हा खेळलाही. कोणत्याही क्लबाने वीस जण जमवले तर मी रविवारी सकाळी येऊन तासाभरात शिकवून जाईन. गादी लागत नाही, एक जुनी उशी ठेवावी.